धाकटीने आणलेली बटणं

माझी मोठी मावशी बटणांचा व्यापार करायची. परदेशातल्या एका कारखान्यातून कंटेनर भरून बटणं मागवायची आणि शिवणसाहित्याच्या दुकानांना ठोक भावात विकायची. "बटणं विकून असं काय मिळतं हो?" असं कुणी विचारलं की ती समोरच्याच्या शर्टाकडे बोट दाखवायची. "सगळी काढून टाका आणि तसेच घरी जा. मग कळेल."

बाजारात तिला बटणताई म्हणत. उंच, हाडापेराने दणकट, खणखणीत आवाजाची बाई. लग्न केलं नाही, "वेळ कुठे होता?" एवढंच त्याचं कारण सांगायची. तरुणपणी ती तयार कपड्यांच्या एका कारखान्यात कामाला होती. तिथे इस्त्रीखाली बटणं तडकायची आणि बोलणी हिला खावी लागायची. एकदा कुठल्यातरी खोक्यावर तिला परदेशातल्या एका बटण कारखान्याचा पत्ता दिसला. तिने पत्र घातलं, नमुने मागवले, आणि नंतर सरळ उठून तिकडे गेली. आमच्या घरातलं कुणी तोवर विमानात बसलं नव्हतं. पहिला माल आमच्याच घरी उतरला होता. पुढच्या खोलीत छतापर्यंत खोके, आणि आम्ही पोरं त्यांच्यातून आडवं होऊन ये-जा करायचो.

मी तिच्याकडे कामाला लागले तोपर्यंत सगळं मोठं झालं होतं. दुकानांच्या रांगेमागे तिचं गोदाम होतं. पुढच्या खोलीत काचेचं टेबल, दोन फोन, आणि भिंतभर लहान लहान खण. प्रत्येक खणाच्या तोंडावर आत काय आहे ते कळावं म्हणून एक एक बटण शिवलेलं. चार भोकांची, दोन भोकांची, मागे कडी असलेली, कोटाची जाड, बाळाच्या झबल्याची मोहरीएवढी. बंदरातल्या एजंटाशी बोलणं, कागदपत्रं, दुकानदारांची बिलं हे माझ्याकडे होतं. बाकी सगळं तिच्याकडे. नवीन बटण आलं की ती ते फरशीवर टाकायची आणि आवाज ऐकायची. तेवढ्यावरून मान हलवायची, हो किंवा नाही.

तिला दोन बहिणी. मधली माझी आई आणि शेवटची धाकटी मावशी.

धाकटीबद्दल काय सांगावं? काही माणसं खोलीत आली की खोलीतला दिवा लावल्यासारखं होतं, तशी ती. लहानपणी पाहुणे आले की ते हिला मांडीवर घ्यायचे आणि मोठीला पाणी आणायला सांगायचे, हे आईने मला कितीदा तरी सांगितलंय. ती शाळेत चित्रकला शिकवायची. शाळेने तो विषयच बंद केला आणि तिची नोकरी गेली. नवऱ्याच्या पगारात घर चालत होतं, पण घरात बसून ती सुकत चालली होती. तेव्हा मोठी मावशी स्वतः तिच्या घरी गेली आणि म्हणाली, "उद्यापासून गोदामात ये. रंग ओळखता येतात ना तुला? मला तेवढं पुरे."

हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्यात ही गोष्ट विसरली जाते. तिला आणलं मोठीनेच, आणि मायेनेच आणलं.

धाकटी आली आणि तिने पहिलं काम केलं ते नमुन्यांच्या कार्डांचं. आमच्याकडे पुठ्ठ्याच्या कार्डांवर आकाराप्रमाणे बटणं शिवलेली असायची. तिने ती सगळी उसवली आणि रंगांप्रमाणे लावली. एका कार्डावर फिक्या आकाशीपासून गडद निळ्यापर्यंत, दुसऱ्यावर लोण्यापासून तपकिरीपर्यंत. बटणं तीच, पण दुकानदार कार्ड हातात घेऊन बघत बसायला लागले. पूर्वी ते उभ्याउभ्या माल सांगून निघायचे. आता खुर्ची ओढून घ्यायचे, चहा घ्यायचे आणि जाताना ठरवलं होतं त्याहून जास्त सांगून जायचे.

मोठी मावशी खूश होती. निदान मला तसं वाटत होतं.

मग एक दिवस चौकातल्या काकांचा फोन आला. हे काका आमचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. चौकात त्यांचं मोठं दुकान होतं आणि बाकीचे दुकानदार त्यांच्याकडे बघून माल घ्यायचे. फोन मोठ्या मावशीने उचलला.

"बोला काका."

"ताई, नमस्कार. जरा छोट्या ताईंना देता का?"

"काय हवंय? मला सांगा ना."

"नाही, एक जांभळा रंग दाखवायचाय. ते त्यांनाच कळतं."

मावशीने फोन धाकटीच्या हातात दिला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. थोड्या वेळाने मला म्हणाली, "मला ॲसिडिटी झालीय बहुतेक."

त्यानंतर तिला ॲसिडिटी वरचेवर व्हायला लागली. कोटवाल्या बाई, म्हणजे कोटाच्या शिंप्यांना सामान विकणाऱ्या, धाकटीशी हसत बसल्या की व्हायची. बंदरातल्या एजंटाने कागदांबरोबर "छोट्या ताईंना नमस्कार सांगा" असं लिहिलं की व्हायची. धाकटी एखाद दिवशी आली नाही आणि प्रत्येकाने "आज त्या दिसत नाहीत" म्हटलं, तर फारच. "मेलेली नाही ती, दाताच्या डॉक्टरकडे गेलीय," असं तिने एका सज्जन म्हाताऱ्या दुकानदाराला सुनावलं होतं. तो बिचारा चहा अर्धा टाकून गेला.

माझ्याकडे ती आडून आडून विचारायची. "कोटवाल्या बाई एवढ्या कशाला हसत होत्या गं?" मी म्हणायचे, "त्यांच्या नातवाचं काहीतरी सांगत होत्या." "मला नाही कधी सांगितलं नातवाचं." आणि मग खणातली बटणं पुन्हा पुन्हा ओंजळीत घेऊन सोडत राहायची, खळ्ळकन. तो आवाज आला की मी मान वर करत नसे.

पुढे तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. नेमका कारखान्याकडे जायचा हंगाम. दरवर्षी ती तिकडे जायची, वर्षाचा माल समोर बसून ठरवायची. ते तिचं सगळ्यात आवडतं काम होतं. कारखान्याचा मालक एक म्हातारा गृहस्थ होता. तो तिला निरोप द्यायला फाटकापर्यंत चालत यायचा, आणि ती हे आल्यावर आम्हाला दरवेळी सांगायची. या खेपेला जाणं शक्यच नव्हतं. डॉक्टरांनी पाय टेकायला बंदी केली होती.

"धाकटीला पाठव," आई म्हणाली.

"ती काय करणार तिथे? भाव कोण ठरवणार?"

"भाव फोनवर तू ठरव. ती नुसती बघून येईल."

दुसरा कुणी नव्हताच. धाकटी गेली. मोठीने पलंगावरून तिला इतक्या सूचना दिल्या की शेवटी धाकटी म्हणाली, "ताई, तू मला तोंड उघडायची वेळच येऊ देणार नाहीस असं दिसतंय." दोघी हसल्या.  पुढे बरेच महिने तसं हसू ऐकू आलं नाही.

धाकटी परत आली ती उजळून. बॅग न उघडताच मोठीच्या पलंगावर बसली आणि बोलत सुटली. कारखाना किती मोठा आहे, यंत्रं कशी आहेत, मालकांची सून किती छान आहे, तीच दुभाषी म्हणून बरोबर होती.

"आणि ताई, रंगखाना! काय सुंदर आहे गं! मोठमोठी पिंपं, वाफ, आणि पांढरी बटणं आत जातात ती रंगून बाहेर येतात. मालकांनी स्वतः सगळं फिरून दाखवलं. मी म्हटलं, मला हवे तसे रंग करून द्याल का? तर म्हणाले, बसा इथे आणि सांगा. मी दोन दिवस तिथेच होते. आपल्यासाठी वेगळे रंग करून घेतलेत मी. कुणाकडे नाहीत असे."

मोठ्या मावशीने पांघरूण गुडघ्यावर ओढून घेतलं. मग म्हणाली, "रंगखाना?"

"हो. तू नाही बघितलास?"

"बघितलाय की," मोठी म्हणाली.

तिने बघितला नव्हता. इतकी वर्षं जात होती, पण तिला बसवत ते पुढच्या कचेरीत. चहा यायचा, नमुने यायचे, भाव व्हायचे, फाटकापर्यंत निरोप. तेवढंच. आतलं दार तिच्यासाठी कधी उघडलं नव्हतं. हे तिने पुढे मला सांगितलं आणि सांगताना म्हणाली, "त्या दिवशी गुडघ्याची कळ मला जाणवलीच नाही. दुसरीकडेच दुखत होतं."

कंटेनर आला. गोदामात खोके फुटले आणि खरंच डोळ्यांचं पारणं फिटलं. पिस्त्याचा हिरवा, धुक्यासारखा करडा, पिकल्या जर्दाळूचा, आणि एक लाल, असा गर्द की बघताना तोंडाला पाणी सुटावं. तो लाल धाकटीने शेवटच्या दिवशी हट्टाने आणखी गडद करून घेतला होता. चौकातल्या काकांनी आपल्या दुकानाच्या काचेत फक्त तीच बटणं मांडली, काचेच्या बरण्यांमध्ये भरून. जाणारे-येणारे थांबायला लागले. ज्यांना बटणं नको होती तेही आत शिरायचे.

मोठी मावशी काठी घेऊन चालायला लागली होती. एकदा मला घेऊन त्या चौकातून गेली. काचेपुढे थांबली. आत काका एका बाईला सांगत होते, "ही छोट्या ताईंची बटणं."

"माझी बटणं," मावशी काचेपाशी पुटपुटली. "माझा कारखाना, माझं गोदाम, माझं गिऱ्हाईक. आणि बटणं हिची." काठी आपटत ती इतक्या वेगाने निघाली की मला मागून धावावं लागलं.

मग तो फोन झाला. तेव्हा मी समोरच बसले होते. काकांचा होता. नव्या रंगांचा आणखी माल हवा होता आणि ते तोंडभरून कौतुक करत होते. मावशी नुसतं हूं हूं करत होती. शेवटी सहज बोलावं तशी म्हणाली, "घ्या की. पण काका, तुम्ही आपले जुने आहात म्हणून सांगते. रंगाचं आत्ताच काही खरं नाही. दोन-चार धुण्यांत काय होतं ते बघितलं पाहिजे. लाल तर मला अजिबातच पटलेला नाही." थोडं थांबली. "कुणाला बोलू नका मात्र."

फोन ठेवला. मी बघत होते.

"काय बघतेस? काळजी नको घ्यायला?"

"धुऊन बघितलीस का तू?"

"तुझी बिलं झाली का?" ती म्हणाली.

धुऊन तिने बघितलं नव्हतं. फरशीवर टाकून आवाजसुद्धा ऐकला नव्हता. त्या बटणांना तिने हातच लावला नव्हता.

कुणाला बोलू नका म्हटल्यावर काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. काकांच्या दुकानातून ते कोटवाल्या बाईंकडे गेलं, तिथून शिंप्यांकडे, शिंप्यांकडून इतर दुकानांत. जाता जाता ते वाढलं. कुणाचा तरी लग्नातला पांढरा झगा खराब झाला म्हणे. कुणाच्या अंगावर म्हणे पुरळ उठलं. असा झगा आणि असं पुरळ कुणी बघितलं नव्हतं, पण मागण्या थांबल्या. मग माल परत यायला लागला, न उघडलेल्या पाकिटांसकट. दुकानदार टेम्पोतून खोके उतरवायचे आणि धाकटीकडे न बघता म्हणायचे, "सध्या उठाव नाही."

सुरुवातीला मोठी मावशी चक्क गुणगुणत होती. परत आलेले खोके काठीने मोजल्यासारखे ठोकत फिरायची. दुकानदार पुन्हा तिच्याशी बोलायला लागले होते, "ताई, तुम्ही निवडलेलं जुनंच द्या." पण खोके वाढत गेले. जुन्या मालाला जागा उरेना. माल तिचाच होता, पैसा तिचा अडकला होता, आणि हे सगळं आपणच ओढवून घेतलं हे तिच्या हळूहळू ध्यानात आलं. गुणगुणणं थांबलं.

धाकटीची मात्र रया गेली. ती खुर्चीत बसायची नाही, उभीच राहायची, दुसऱ्याच्या घरी काहीतरी फोडलेल्या माणसासारखी. एक दिवस ती म्हणाली, "ताई, सगळ्यांना बोलावू या. त्यांच्यासमोर बटणं धुऊन दाखवू. गरम पाणी, साबण, काय हवं ते. मी स्वतः रंग बसताना बघितलेत. जाणार नाहीत."

मोठी नाही म्हणू शकली नाही. रंग पक्के आहेत अशी तिची पुरेपूर खात्री होती. आपण खोटं बोललो हे तिच्याइतकं चांगलं कुणाला ठाऊक असणार? एकदा धुऊन दाखवलं की अफवा मिटेल, माल जाईल, आणि कुणाला काही कळणार नाही.

"बोलाव," ती म्हणाली. "पण धुणार मी."

"अगं, तुझा गुडघा..."

"बटणं माझी आहेत. धुवायची तर मीच धुणार."

गोदामाच्या अंगणात दुकानदार जमले. धाकटीने पांढऱ्या कापडाचे तुकडे करून एकेका तुकड्यावर एकेका रंगाची बटणं टाकली होती. मोठं पसरट घमेलं, वाफाळतं पाणी, साबण. मोठी मावशी स्टुलावर बसली, बाह्या वर सारल्या आणि एकेक तुकडा घेऊन अशी चोळायला लागली की कोटवाल्या बाई म्हणाल्या, "ताई, बटणं धुताय की कुणावर राग काढताय?" लोक हसले. वातावरण सैल झालं.

हिरवा निघाला, स्वच्छ. करडा, स्वच्छ. जर्दाळू, स्वच्छ. मावशी प्रत्येक तुकडा पिळून हात उंच करून दाखवत होती. धाकटीच्या चेहऱ्यावर रंग परत येत होता. काका म्हणत होते, "उगीच लोक काहीतरी उठवतात."

मग लाल. मावशीने तुकडा पाण्यात घातला, चोळला, बाहेर काढला. बटणांभोवती गुलाबी वर्तुळं होती. तिने पुन्हा बुडवला. वर्तुळं मोठी झाली आणि एकमेकांत मिसळली. पाणी गुलाबी झालं.

मागचे दुकानदार टाचा उंचावून बघायला लागले.

"तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू?" मावशी मला पुढे म्हणाली होती. "अरे बापरे नाही आलं. बरं झालं, असं आलं. माझाच माल, माझंच नुकसान, आणि मला वाटलं, बरं झालं. मग मी तिच्याकडे बघितलं."

धाकटी भिंतीला टेकून उभी होती. तिच्या हातात पुढचा, शेवटचा तुकडा होता आणि तो तिने छातीशी धरला होता.

काका पुढे झाले. मनापासून, भारावून बोलले, "वा, ताई! मानलं तुम्हाला! तुम्ही मला फोनवर तेव्हाच म्हणाला होतात ना, लाल पटत नाही म्हणून! म्हणून तर मी चार लोकांना सावध केलं. याला म्हणतात अनुभव!"

लोकांनी माना डोलावल्या. धाकटीने मोठीकडे बघितलं.

"ताई, तू म्हणाली होतीस?"

अंगणात सगळे होते. मावशीचे हात अजून त्या पाण्यात होते. खरं सांगायचं तर एका वाक्यात सांगता आलं असतं. ती म्हणाली, "मला अंदाज होता."

"अंदाज होता," धाकटी म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "मग काकांना सांगितलास. मला का नाही सांगितलास?"

 धाकटीने हातातला तुकडा घमेल्याच्या काठावर ठेवला आणि आत गेली.

ती लगेच सोडून गेली नाही. प्रत्येक दुकानात स्वतः जाऊन लाल बटणं परत घेतली, माफी मागितली, बाकीच्या रंगांची धुतलेली कापडं दाखवली. बाकीचे रंग पुन्हा खपायला लागले. शेवटचं लाल पाकीट परत आल्यावर तिने गोदामाच्या किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या. "ताईला दे," म्हणाली. मोठी पलीकडच्याच खोलीत होती.

त्यानंतर मोठ्या मावशीला जे हवं होतं ते सगळं मिळालं. फोन तिलाच येऊ लागले. दुकानदार तिच्या नजरेच्या गोष्टी सांगू लागले. नवीन माणूस आला की काका तिची ओळख करून द्यायचे, "यांनी नुसतं बघून सांगितलं होतं, लाल जाणार म्हणून." ती मान खाली घालून कार्डं चाळायची. लोकांना तो विनय वाटायचा. ॲसिडिटी मात्र गेली नाही. उलट आता खरोखरच व्हायला लागली आणि डॉक्टरांनी गोळ्या दिल्या.

धाकटीच्या घरी ती जात नव्हती. आईला विचारायची, "कशी आहे?" आई म्हणायची, "पाय आहेत ना तुला? नवीन गुडघासुद्धा आहे. जाऊन बघ." एरवी माझी आई दोघींच्या मध्ये पडायची. या वेळी तिने पडायला साफ नकार दिला.

लाल बटणांची तक्रार घेऊन मावशी कारखान्यात गेली आणि मला बरोबर नेलं. पुढची कचेरी तिने सांगितली होती तशीच होती. म्हातारे मालक आले, त्यांची सून दुभाषी म्हणून बसली. मावशीने गुलाबी कापड टेबलावर ठेवलं. मालकांनी ते बोटांनी चाचपलं आणि खेदाने मान हलवली. सून म्हणाली, "चूक आमची आहे. तुमच्या बहिणीने रंग आणखी गडद मागितला, आणि जहाज गाठायचं म्हणून आमच्या माणसांनी तो नीट मुरण्याआधीच बाहेर काढला. तिला हे कळणं शक्य नव्हतं. आम्ही सगळी लाल बटणं बदलून देऊ."

काम झालं होतं. पण मावशी उठेना. मग मान न वर करता तिने विचारलं, "यांना विचारा, मी इतकी वर्षं येतेय. मला कधी रंगखाना दाखवला नाहीत. तिला पहिल्याच खेपेला दाखवलात. का?"

सुनेने विचारलं. म्हाताऱ्याने आश्चर्याने मावशीकडे बघितलं आणि थोडक्यात काहीतरी सांगितलं.

"ते म्हणतात, तिने विचारलं. तुम्ही कधी विचारलंच नाही. तुम्ही नेहमी घाईत असायचात. त्यांना वाटायचं, या बाईंना आतलं बघण्यात रस नाही."

मग म्हातारे उठले, आतलं दार उघडून उभे राहिले आणि हाताने या म्हणाले. मावशी काठी टेकत आत गेली. वाफेने माझा चष्मा धुरकट झाला, त्यामुळे तिचा चेहरा मला नीट दिसला नाही. ती प्रत्येक पिंपापाशी थांबत होती. लाल रंगाच्या पिंपापाशी जरा जास्तच.

परत आल्यावर ती विमानतळावरून घरी गेलीच नाही. टॅक्सी धाकटीच्या घरापाशी थांबवायला सांगितली. मी बॅगा सांभाळत मागे. धाकटीने दार उघडलं, आम्हाला बघितलं आणि बाजूला झाली.

मोठी मावशी उभीच राहिली. "मला अंदाज नव्हता," ती म्हणाली. "मी त्या बटणांना हातसुद्धा लावला नव्हता. मी जळत होते तुझ्यावर. म्हणून बोलले. ते खरं निघालं, त्यात माझं काही नाही. मी खोटंच बोलले होते."

धाकटीने दार लावून घेतलं. "मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "तू बटण फरशीवर टाकल्याशिवाय कधी बोलत नाहीस. माझ्या बटणांचा आवाज मी तुझ्या हातून एकदाही ऐकला नाही. मी वाट बघत होते."

"कशाची?"

"तू टाकशील आणि मान हलवशील याची. नाही म्हणाली असतीस तरी चाललं असतं गं. माझा लाल वाईटच होता, कुणीतरी सांगायला हवं होतं."

"परत ये."

"नाही," धाकटी म्हणाली. "चहा घे. पण परत नाही येणार."

चहा झाला. फार बोलणं झालं नाही. दुसऱ्या दिवशी मावशी चौकात गेली आणि काकांना दुकानातच, गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, "काका, त्या लालचं मला काही माहीत नव्हतं. मी पोटदुखीने बोलले होते. बहिणीचं कौतुक मला सहन होत नव्हतं."

काका खो खो हसले. "ताई, तुम्ही म्हणजे ना! बहिणीची बाजू सावरायला स्वतःला नावं ठेवताय! मोठ्या मनाच्या आहात." आणि गिऱ्हाइकाकडे वळून म्हणाले, "यांनी नुसतं बघून सांगितलं होतं."

मावशी संतापून घरी आली. आई हसून हसून बेजार झाली. मावशीने आणखी दोघा-तिघांना सांगून बघितलं, पण कुणाला ते ऐकायचंच नव्हतं. शेवटी तिने नाद सोडला.

वर्षभराने धाकटीने स्वतःचा व्यापार काढला, लेस आणि फितींचा. माल त्याच देशातून, दुकानदार तेच. पण लेस हलकी आणि तिची मागणी लहान. तिचा कंटेनर काही केल्या भरेना. इकडे मोठीनेही पुन्हा अडकायला नको म्हणून माल कमी मागवायला सुरुवात केली होती, तिचाही अर्धा रिकामा यायचा. रिकाम्या जागेचंही भाडं भरावं लागतं. एजंटाने मला सुचवलं, मी आईला सांगितलं, आणि आईने दोघींना एकाच दिवशी चहाला बोलावलं. तेव्हापासून कंटेनर अर्धा अर्धा येतो.

मत्सर गेला असं मी म्हणणार नाही. मोठी मावशी अजून मला विचारते, "लेस कशी चाललीय तिची?" मी छान म्हटलं की तिचं तोंड उतरतं आणि बरी नाही म्हटलं की ती मलाच ओरडते. पण हल्ली कुणी दुकानदार रंगाबद्दल विचारायला लागला तर ती म्हणते, "ते धाकटीला विचारा," आणि फोन नंबर स्वतः सांगते. तो तिला पाठ आहे. नवीन नमुने आले की धाकटी गोदामात येते. मोठी एकेक बटण फरशीवर टाकते, दोघी ऐकतात, आणि मग मोठी ते उजेडात धरून विचारते, "हा रंग कसा आहे गं?"

परवा कंटेनर आला. दोघी गोदामाच्या दारात दोन खुर्च्यांवर बसल्या होत्या. हमालांनी दार उघडून माल उतरवायला सुरुवात केली, तर पुढे लेसेचेच खोके लागलेले. चार-पाच खोके गेले, दहा गेले. मोठी मावशी चुळबुळ करत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"अहो, हिचेच खोके आधी का काढताय?"

हमाल वैतागून म्हणाला, "बाई, पुढे आहेत म्हणून."

"मग पुढच्या वेळी माझे पुढे लावायला सांगा," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "लिहून घे."

धाकटी हसू दाबत रस्त्याकडे बघत होती. मी लिहून घेतलं.